अमरनाथला कोण बसवणार?

अमरनाथला ठेवलेल्या थंड पेटीचं झाकण काढलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. मंजुषा हैदराबादहून नुकतीच येऊन पोचली होती, खांद्यावरची पर्ससुद्धा अजून उतरली नव्हती. तिने बापाच्या पायांवर डोकं ठेवलं, रडली, आणि रडता रडताच गुडघ्याखाली हात घालून पाय वाकवून बघितला. पाय वाकला नाही. टाचेपासून कमरेपर्यंत सगळा सरळच्या सरळ वर आला. तिने तो हळूच खाली ठेवला आणि बैठकीतल्या माणसांकडे पाहिलं.

"अप्पांना बसवलं न्हाई?"

अमरनाथचे थोरले भाऊ शरणप्पा भिंतीला टेकून सतरंजीवर बसले होते. घरातली मोठी माणसं त्यांना अण्णा म्हणत, पुतण्या-पुतणीचे ते मोठेअप्पा. वय एकाहत्तर, निलंग्याच्या बाजारात चाळीस वर्षांचं कापडाचं दुकान, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी खोकले तरी घरातल्या सुना पदर सावरायच्या. पण या घडीला त्यांनी मान खाली घातली आणि सतरंजीचा सुटलेला एक दोरा ते बोटाला गुंडाळत राहिले.

मंजुषाने का विचारलं ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लिंगायतांत माणूस लिंगैक्य झाला की त्याला आडवं नेत नाहीत. मांडी घालून, पाठ ताठ करून, कपाळाला भस्म लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग देऊन बसवतात. बसलेलाच विमानातून, म्हणजे सजवलेल्या पालखीतून, नेतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. आणि हे सगळं लवकर उरकावं लागतं. दोन-तीन तास गेले की अंग ताठरायला लागतं. घरच्यांना रडण्याच्या भरात ते सुचत नाही, आणि सुचलं तरी हात धजत नाहीत. म्हणून गेली तीस वर्षं निलंग्यात एक पद्धतच पडून गेली होती. कुणाचा श्वास थांबला की पहिला निरोप अमरनाथला, मग नातेवाइकांना. तो स्कूटर काढायचा आणि मुलगा-सून पोचायच्या आत पोचायचा.

लिंगायतांच्या घरी बेल-भस्म, दुसऱ्यांच्या घरी लाकडं-गोवऱ्या, मुसलमानांच्या घरी कबर खोदणाऱ्याला कुठून उठवून आणायचं, दवाखान्यात कुठल्या गटाचं रक्त कुणाच्या अंगात आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. गावात त्याची थट्टाही भरपूर चालायची. त्याची स्कूटर दारात थांबली की अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं आतूनच ओरडायची, "अमरनाथ, गाडी म्होरं घे रे बाबा, आजून टाईम हाय!" मग तो मुद्दाम आत जाऊन त्यांच्या उशाशी चहा पिऊन यायचा आणि जाताना म्हणायचा, "बरं मग, घाई न्हाई. मीबी कुठं जाऊन राहिलो?"

आणि तोच आधी गेला. परवापर्यंत धडधाकट होता. काल दुपारी गल्लीतल्या एका बाळंतिणीला घेऊन लातूरला गेला, तिला आत पोचवलं, बाहेरच्या बाकावर टेकला आणि तिथेच संपला. बाळंतीण सुखरूप होती, तिला मुलगी झाली होती. रात्री नऊला अमरनाथला घरी आणलं तेव्हा शरणप्पांच्या बायकोने, कमलम्माने, दारातच सवयीने म्हटलं, "अगोदर अमरनाथला निरोप धाडा," आणि मग स्वतःच तोंडावर पदर दाबून खाली बसली.

"काल पाचला गेले अप्पा. नऊला घरी आणलात. मग रातभर काय करत होतास तू?" मंजुषाने भावाला विचारलं.

वीरेश लातूरच्या एका कॉलेजात शिकवायचा. हुशार मुलगा, पण बापाच्या या कामापासून लहानपणापासून चार हात लांब राहिलेला. "तू सकाळी येणार होतीस. चेहरा खराब हुईल म्हणून मी थंड पेटी मागवलो," तो म्हणाला. "मला काय ठाऊक की बसवायचं अगोदर असतंय? ते नेहमी अप्पाच बघायचे."

"अप्पाच बघायचे!" मंजुषाचा आवाज चढला. "त्यांच्याच पोराला ठाऊक न्हाई? अख्ख्या गावाला बसवले त्यांनी, आन् त्यांना लाकडावानी आडवं टाकून ठेवलास?"

"मंजू, त्याला बोलू नको," त्यांची आई सिद्धम्मा कोपऱ्यातून म्हणाली. रात्रभर रडून तिचा आवाज बसला होता. "त्याला काय कळतंय. त्याचाबी बाप गेलाय."

तेवढ्यात वीरेशच्या खिशातला फोन वाजला. रुद्रभूमीवर खड्डा खोदायला गेलेली माणसं होती. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं की खड्डा बसता घ्यायचा का आडवा. बसता खोल असतो, आडवा लांब, आणि एकदा कुदळ मारली की बदलता येत नाही. ऊन चढायच्या आत सांगा म्हणाले. वीरेशने फोन हातात धरूनच सगळ्यांकडे पाहिलं.

"बसता," मृत्युंजय म्हणाला. हा शरणप्पांचा चुलतभाऊ, वीस वर्षं भावकीच्या प्रत्येक कार्यात पुढे पुढे करणारा. "त्यात इचारायचं काय? दोघं-तिघं जण धरू. गुडघ्यावर जोर दिला की बसतंय. मी बघितलोय एकदा देगलूरला."

"जोर दिला म्हंजे?" सिद्धम्मा ताठ झाली.

"म्हंजे... थोडा आवाज हुतंय वहिनी. पर त्यांना आता काय कळतंय?"

"मला कळतंय." सिद्धम्मा उठून पेटीपाशी येऊन उभी राहिली. "त्यांनी उभ्या जिंदगीत कुणाचं हाड मोडू दिले न्हाईत. कंधारला एका म्हातारीला बसवायला तिचे भाचे जोर करत होते, तर हे भांडून त्यांना भाईर काढले. घरी येऊन रातभर जेवले न्हाईत. आन् तुम्ही त्यांचेच पाय मोडणार? आडवं न्या. मी म्हणते म्हणून सांगा लोकाला."

"वहिनी, गाव शेण घालंल तोंडात! ज्यानं सगळ्यांना बसवलं त्योच आडवा निघाला तर भावकीची काय इज्जत ऱ्हाईल?"

"इज्जत तुमची. नवरा माझा हाय."

घटकाभरापूर्वी भावावर तुटून पडलेली मंजुषा आता आईच्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि ज्याला ती बोलली होती तो वीरेशही. मृत्युंजयने आधारासाठी शरणप्पांकडे पाहिलं. एरवी अशा वेळी अण्णा एक शब्द बोलायचे आणि वाद मिटायचा. "अण्णा, तुम्ही काय म्हणताव? पेटी आणून सगळा घोटाळा या पोरानं केलाय. आता तुम्हीच निकाल द्या."

वीरेशने मान खाली घातली. त्याच्या मानेवर घाम आला होता. शरणप्पांना त्याच्याकडे बघवेना. कारण घोटाळा त्या पोराने केलेला नव्हता.

अमरनाथच्या या कामावरून दोघा भावांत जन्मभर खटके उडाले होते. शरणप्पांना ते पसंत नव्हतं असं नाही. चारचौघांत ते अभिमानाने सांगायचेही. पण घरात त्यांचे नियम होते. अमरनाथने मागच्या दाराने यायचं, अंघोळ झाल्याखेरीज कशाला शिवायचं नाही. दुकानात तर त्यांनी त्याला स्पष्टच सांगून टाकलं होतं की गादीवर बसत जाऊ नको, लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं तुला बघून बिचकतात. अमरनाथ हसला होता. तेव्हापासून तो दुकानाच्या पायरीवर उभा राहूनच भावाशी बोलायचा. त्यातही शरणप्पांना सगळ्यात खुपायचा तो साहेबराव. नगरपालिकेत वॉलमन होता, गल्लोगल्लीच्या नळाला पाणी सोडायचा, आता निवृत्त झालेला. बौद्धवाड्यात राहायचा. तीस वर्षं अमरनाथच्या स्कूटरवर मागे तोच असायचा. लिंगायताच्या घरात लिंगवंत माणसाला बसवताना एक जोडी हात अमरनाथचे आणि दुसरी जोडी साहेबरावची. शरणप्पा म्हणायचे, आपल्यात माणसं मेलीत काय?

आणि काल रात्री साडेनऊला हाच साहेबराव फाटकाशी आला होता. शरणप्पा एकटेच बाहेर उभे होते. तो आत आला नाही, तिथूनच म्हणाला, "शेठ, त्यांना आत्ताच बसवावं लागतंय. जबडा धरला असंल, पर कंबर आजून ऐकंल. पेटीत ठेवू नका." आणि शरणप्पा म्हणाले होते, "आमच्या माणसाला आमचे लोक बघतील. तुमचं काम न्हाई हे. जावा आता." साहेबराव दोन मिनिटं तसाच उभा राहिला आणि गेला. मग वीरेशने पेटीचं विचारलं, आणि शरणप्पांनीच मान हलवली.

"निकाल?" शरणप्पा म्हणाले. बोटाला गुंडाळलेला दोरा त्यांनी तोडून टाकला. "निकाल माझ्यावरच द्यावा लागंल, मृत्युंजय. पोराचा काही गुन्हा न्हाई. काल रात्री साहेबराव आलता. आत्ताच बसवा, पेटीत ठेवू नका म्हणून सांगून राहिला होता. मी त्याला फाटकातनं लावून दिलो."

सिद्धम्माने डोळे मोठे करून त्यांच्याकडे पाहिलं.

"लावून दिलाव?" ती म्हणाली. "साहेबरावला?"

"हाव."

"कामून, अण्णा?"

याला खरं उत्तर एकच होतं आणि ते तिलाही माहीत होतं. शरणप्पांनी ते तोंडाने सांगितलं नाही, पण टाळलंही नाही. म्हणाले, "तुला ठाऊक हाय कामून." मग भिंतीचा आधार घेत उठले. "वीरेश, गाडी काढ."

"अण्णा, पुन्हा इचार करा," मृत्युंजय मागून आला. "सगळी भावकी येऊन राहिली. त्यो माणूस बैठकीत, आपल्या लिंगवंताला..."

"काल मी हेच म्हणलो," शरणप्पा चप्पल घालत म्हणाले. "बघितलास काय झालं ते?"

साहेबरावचं घर दोन खोल्यांचं होतं, दारात निळा रंग दिलेली पाण्याची टाकी. वीरेश गाडीवरच थांबला. शरणप्पा दाराशी गेले तर साहेबरावची बायको पार्वतीबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. ती उठली नाही, की पदरही सावरला नाही.

"काल तर लावून दिलाव की," ती म्हणाली. "आता काय काम काढलाव?"

"साहेबराव हाय का घरात?"

"हाय. काल आल्यापासनं बसून हाय. जेवला न्हाई, झोपला न्हाई. तीस वर्षं ज्याच्या मागं बसला त्याला शेवटचा हातबी लावू दिला न्हाईत तुम्ही. आमचा हात चालत न्हाई तर तुमच्या मयतीच्या घरात तेवढी तीस वर्षं कसा चालला म्हणते मी?"

आपल्याला असं कुणी बोललेलं शरणप्पांना आठवत नव्हतं. बाजारात असं बोलणाऱ्याला त्यांनी चार शब्दांत गार केलं असतं. पण तिचं एकही वाक्य खोडता येण्यासारखं नव्हतं, आणि ऊन तर चढत होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

आतून साहेबराव आला. अंगात पांढरा स्वच्छ शर्ट, दाढी केलेली. बहुतेक तो पहाटेच तयार होऊन बसला होता, निदान रुद्रभूमीपर्यंत लांबून तरी चालत जाता यावं म्हणून. त्याने शरणप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सरळ कामाचंच विचारलं.

"पेटीतनं काढलेत का?"

"हाव. पर पाय वाकत न्हाई. मृत्युंजय म्हणतो जोर देऊ. सिद्धम्मा म्हणते आडवं न्या."

"जोर देऊ नका. आडवंबी नेऊ नका." साहेबराव चप्पल शोधायला लागला. "हुतंय. टाईम लागंल. पाणी तापवा म्हणावं, मोठ्या पातेल्यात दोन-तीन. आन् जाड कापड पायजे, फ्लानेल. दहा-बारा मीटर तरी लागंल."

"माझ्या दुकानात हाय," शरणप्पा म्हणाले.

घरात माणूस गेलेला असताना दुकान उघडणं म्हणजे बाजारात चर्चेला विषय. शरणप्पांनी स्वतः वाकून कुलूप काढलं, शटर उचललं, आणि समोरच्या भांडीवाल्याच्या देखत फ्लानेलचा अख्खा ताका काखेत मारून ते गाडीवर बसले. मीटर मोजत बसले नाहीत. पुढे वीरेश, मध्ये ते, मागे साहेबराव. तिघे एका गाडीवर बाजारातून गेले, आणि साहेबरावचे गुडघे शरणप्पांच्या मांड्यांना लागत होते.

बैठकीच्या दारात मृत्युंजय क्रियाकर्माला आलेल्या तरुण जंगमाला, रविकिरण स्वामीला, घेऊन उभा होता. त्याला वाटलं स्वामी तरी अडवतील. "स्वामी, तुम्हीच सांगा, असं चालतंय का?"

रविकिरण स्वामी तीस-एक वर्षांचा. तो खरं ते बोलून मोकळा झाला. "काका, मला मंत्र येतात. बसवायचं मी कधी शिकलोच नाही. अमरनाथअप्पा होते, कधी गरजच पडली नाही." मग साहेबरावला म्हणाला, "या तुम्ही. मी बाजूला बसून शिकतो."

मृत्युंजय बाजूला झाला. साहेबराव उंबऱ्याशी क्षणभर थांबला. या घरात तो आजवर पडवीच्या पुढे कधी आला नव्हता. सिद्धम्मा स्वतः पुढे झाली आणि म्हणाली, "या भाऊ. ते वाट बघून राहिलेत."

अमरनाथला सतरंजीवर घेतलं. पाणी तापलं. कमलम्मा आणि मंजुषा फ्लानेलचे तुकडे गरम पाण्यात बुडवून पिळून द्यायच्या, साहेबराव ते सांध्यासांध्यावर गुंडाळायचा. गार झाला की दुसरा. सुरुवात त्याने पायांपासून केली नाही, हाताच्या बोटांपासून केली. एकेक बोट धरून हळूहळू उघडायचं, मिटायचं.

"बोटं आधी," तो स्वामीला सांगत होता. "बोटं सैल पडली की मनगट. मनगटामागं कोपर. कंबर सगळ्यात शेवटी. घाई केली की मोडतंय. आन् बोलत ऱ्हायचं त्यांच्यासंगं. हे म्हणायचे, गेलेल्या माणसाला नावानं हाक मारली की आपला हात दांडगाई करत न्हाई." मग तो अमरनाथकडे वाकला. "अमरनाथ, उजवा हात दे बरं. सरकव. हां."

गरम कापडांची वाफ खोलीत पसरली. सगळे गुमान बसले होते ते हळूहळू बोलायला लागले, कारण साहेबरावने बोला म्हणून सांगितलं होतं. सिद्धम्मा म्हणाली, लग्नाच्या तिसऱ्या दिवशी जेवता जेवता उठून गेले होते, मी सासूबाईंना म्हटलं हे असेच आहेत का, तर सासूबाई म्हणाल्या, असाच आहे, सवय करून घे. वीरेश म्हणाला, दहावीच्या पेपरला अप्पांनी मला सोडलं नि त्याच स्कूटरवर एका मयताच्या घरी गेले, मला तेव्हा इतका राग आला होता की मी महिनाभर बोललो नाही. "अप्पा, मी बोललो न्हाई," तो बापाच्या कानाशी वाकून म्हणाला. भाजी विकणारी चांगुणा दारातून आत आली. तिने कुणाची परवानगी विचारली नाही, अमरनाथच्या पायाशी बसली. म्हणाली, माझा मालक गेला तेव्हा पाऊस लागून राहिला होता, सगळी लाकडं भिजलेली, तर यांनी स्वतःच्या घरच्या माळ्यावरची काढून आणली. "तुमच्या घरची होती का हो अव्वा?" तिने सिद्धम्माला विचारलं. सिद्धम्माला ते आज कळत होतं. ती म्हणाली, "असतील."

कोपर वाकलं. खांदा सैल झाला. साहेबराव पायांकडे वळला.

"हे काम त्यानं धरलं कधी?" शरणप्पांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. तक्रारच करायची असल्याने विचारायचं राहूनच गेलं होतं.

साहेबरावने हात थांबवला नाही. "किल्लारीच्या भूकंपात. आमची वळखच तिथली. टॅक्टर भरून आम्ही गावातनं पोरं गेलतो. दुसऱ्या दिवशी एका ढिगाऱ्यातनं एक बाई काढली आम्ही. तिचा मालक तिथंच बसून. लिंगायत माणूस. त्यो ह्यांना म्हणला, हिला बसवा, ही आडवी जाऊ देऊ नका, एवढं एक करा. पर तिथं कुणाला येळ होता शेठ? रांगच होती. एकामागं एक. सगळी एकदमच अग्नीला द्यावी लागली. ह्यांनी त्याला हाव म्हणले होते, आन् करू शकले न्हाईत. त्यो माणूस काही बोलला न्हाई. नुसता बघत ऱ्हायला." साहेबरावने गुडघ्याखाली हात घातला. "परत आल्यावर चार दिवस जेवले न्हाईत म्हणे. मग उदगीरला एक म्हातारे स्वामी होते, त्यांच्याकडं जाऊन शिकले. मला म्हणले, साहेबराव, दुसरी जोडी हात लागतेत. येतू का?"

ते चार दिवस शरणप्पांना आठवले. अमरनाथ भाकरी समोर घेऊन बसायचा आणि उठायचा. शरणप्पांनी तेव्हा त्याला दटावलं होतं की जगात रोज माणसं मरतात, तू कुणाकुणाचं सुतक धरणार. त्यानंतरही एका घरात, एका चुलीवर बत्तीस वर्षं काढली आणि हे त्यांना आज एका परक्याच्या तोंडून कळत होतं. त्यांना भयंकर लाज वाटली. ती लपवायला आता जागाही नव्हती.

गुडघा वाकला. आधी थोडा, मग गरम कापडांचे आणखी दोन फेरे झाल्यावर पुरता. कुठेही आवाज झाला नाही.

"आता बसवायचं," साहेबराव म्हणाला. "मागनं धरायला पायजे एक जण. छातीला पाठ लावून, पार मान इथं खांद्यावर घेऊन. हे काम अमरनाथ करायचा, मी पाय घ्यायचो. म्हणायचा, मागचा माणूस घरचा असावा, अंगाला अंग वळखू येतंय."

वीरेश पुढे झाला. "तू सर," शरणप्पा म्हणाले. त्यांनी धोतर खोचलं, टोपी काढून ठेवली आणि भिंतीला पाठ लावून बसले. कमलम्मा काहीतरी म्हणायला गेली. म्हणायचं असेल की तुमची कंबर, तुमचे गुडघे. पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने त्यांची टोपी तेवढी उचलून घेतली.

चौघांनी उचललं. अमरनाथची पाठ शरणप्पांच्या छातीवर आली. शर्टातून गारवा थेट बरगड्यांना लागला आणि ते शहारले, पण हात त्यांनी ढिले केले नाहीत. दोन्ही हात भावाच्या काखेतून पुढे घेऊन छातीवर बांधले. डोकं मागे कलंडून त्यांच्या खांद्यावर आलं. ओल्या केसांचा गालाला स्पर्श झाला. केस पांढरे झाले होते. एवढे झाले असतील याकडे शरणप्पांचं लक्षच गेलं नव्हतं.

"बोला शेठ," साहेबराव खालून म्हणाला. "बोलत ऱ्हावा."

"अमरनाथ," शरणप्पा म्हणाले. तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "अमरनाथ, मी बसलोय रे मागं. टेक. बिनघोर टेक. काल चुकलो मी. तुझ्या माणसाला मी दारातनं लावून दिलो. आज स्वतः जाऊन आणलोय त्याला. आता पाय घे बाबा. साहेबराव धरून हाय, पाय घे."

साहेबरावने डावा पाय आत घेतला. मग उजवा त्यावर. मांडी पडली. त्याने कंबर दोन्ही हातांनी थोडी पुढे ओढली, पाठीचा कणा दाबत दाबत वर आणला, मान सरळ केली आणि लांब फडक्याने छाती-पाठीला आधार बांधला. रविकिरण स्वामीने भस्म लावलं. मंजुषाने बापाचा डावा तळहात उघडा धरला आणि सिद्धम्माने त्याच्याच गळ्यातल्या शिवदाराच्या दोऱ्यातलं इष्टलिंग काढून त्यावर ठेवलं. बोटं आपसूक थोडी मिटली, लिंग हलेल इतपत जागा राहिली नाही.

वीरेशचा फोन वाजला, खड्ड्याची माणसं पुन्हा विचारत होती. "बसता घ्या," त्याने सांगितलं, आणि परत एकदा, जरा मोठ्याने, "हाव, बसता. अप्पा बसलेत."

"आता हालू नका," साहेबराव शरणप्पांना म्हणाला. "अंगाला त्या बसणीची सवय लागू द्या."

शरणप्पा हलले नाहीत. पाणी विचारलं तर नको म्हणाले. पायांना मुंग्या आल्या, मग पायच जाणवेनासे झाले. बाहेर भजनाची माणसं जमली, टाळ वाजायला लागले, फाटकाबाहेर दर्शनाची रांग लागली. आतली बायामाणसं आवरायला उठली. शरणप्पा भावाला धरून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी अमरनाथच्या कानामागून खाली ओघळत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"अण्णा," साहेबराव म्हणाला. काल रात्रीपासून तो शेठ म्हणत होता. "अण्णा, सोडा आता."

"पडंल त्यो."

"न्हाई पडत. सोडून बघा."

शरणप्पांनी आधी उजवा हात काढला. थांबले. मग डावा. मग छाती हळूच बोटभर मागे घेतली. अमरनाथ जागेवरून हलला नाही. पाठ ताठ, मान सरळ, गावातल्या शेकडो माणसांना त्याने जसं बसवलं होतं तसाच तो बसला होता.

शरणप्पा बाजूला सरकले आणि उठायला गेले, पण पायांनी साथ दिली नाही. वीरेश लांब होता. साहेबरावने वाकून हात पुढे केला. शरणप्पांनी तो धरला आणि उठून उभे राहिले. दार उघडलं, रांगेतली पहिली माणसं आत आली, भावकीतले लोक आले, मृत्युंजय आला. सगळ्यांच्या देखत शरणप्पा तसेच उभे राहिले, साहेबरावचा हात हातात घेऊन.